छंदवर्गाची जाहिरात : आधी विश्वास, मग प्रवेश

एप्रिलअखेरीस वार्षिक परीक्षा संपत येतात आणि शहरांतील विजेच्या खांबांवर, सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. चित्रकला, नाट्य, हस्तकला, विज्ञानखेळणी, मल्लखांब, बुद्धिबळ असे नानाविध वर्ग सुरू होतात. यांपैकी अनेक वर्ग घरातील एखाद्या खोलीत किंवा भाड्याने घेतलेल्या छोट्या सभागृहात चालतात. एखादी निवृत्त शिक्षिका, एखादा कलाशिक्षक किंवा लहान मुलांची आई ते चालवीत असते. शिकविण्याचे कौशल्य त्यांच्यापाशी असते. मात्र मुले आणायची कशी, या प्रश्नाशी अनेकांची गाडी अडते. तयार कपड्यांची किंवा मिठाईची जाहिरात आणि मुलांच्या वर्गाची जाहिरात यांत मूलभूत फरक आहे. येथे ग्राहक वस्तू विकत घेत नाही, तर आपले मूल काही तासांसाठी परक्याच्या हाती सोपवतो. त्यामुळे या व्यवसायात प्रसिद्धी म्हणजे प्रथमतः विश्वास संपादन करणे होय.

परंपरेचा धडा

मुलांसाठी शाळेबाहेरचे उपक्रम ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये मुंबईत 'लिटल थिएटर' सुरू करून मराठी बालरंगभूमीला निश्चित रूप दिले. दिल्लीत १९५६ मध्ये राष्ट्रीय बालभवनाची स्थापना झाली. पुण्यात गरवारे बालभवनाने खेळ आणि कला यांच्या माध्यमातून मुलांशी काम केले. अशा उपक्रमांची खरी ओळख फलकांवरून नव्हे, तर मुलांनी सादर केलेल्या कामावरून होते. छोट्या वर्गालाही हेच सूत्र लागू पडते. शिबिराच्या शेवटच्या दिवशी पालक, आजी-आजोबा आणि शेजारी यांना बोलावून मुलांच्या कामाचे प्रदर्शन किंवा छोटेसे सादरीकरण ठेवल्यास त्याचा खर्च अल्प असतो. पुढच्या तुकडीतील निम्मी नावे अनेकदा याच दिवशी ठरतात. मात्र हे सादरीकरण निवडक हुशार मुलांचे असू नये. प्रत्येक मुलाला त्यात काहीतरी स्थान मिळाले, तरच प्रत्येक घरातून चांगला शब्द बाहेर पडतो.

वेळापत्रक महत्त्वाचे

या व्यवसायाचे वर्ष शाळेच्या वर्षाला बांधलेले असते. मे महिन्यातील शिबिराची घोषणा एप्रिलअखेर करणे म्हणजे उशीर करणे होय, कारण तोपर्यंत गावाला जाण्याचे बेत ठरलेले असतात. मार्चच्या सुरुवातीस तारखा आणि वेळ पालकांच्या कानी घालावी. वर्षभराच्या वर्गासाठी शाळा सुरू होण्याच्या सुमारास, म्हणजे जूनच्या मध्यास प्रयत्न करावेत. विदर्भात उन्हामुळे शाळा काहीशा उशिरा उघडतात, हे तेथील चालकांनी ध्यानात घ्यावे. गणेशोत्सवापूर्वी शाडूच्या मातीची मूर्ती घडविण्याची एक दिवसाची कार्यशाळा, दिवाळीच्या सुट्टीत किल्ला बांधणी किंवा आकाशकंदील तयार करण्याचा वर्ग असे उपक्रम घेता येतात. पालकांना वर्षाचे शुल्क भरण्यापूर्वी वर्ग पारखण्याची संधी यातून मिळते आणि चालकालाही मुलांची ओळख होते.

परिसरातील प्रसिद्धी

लहान मुलांना फार दूर पाठविण्यास पालक राजी नसतात. म्हणून संपूर्ण शहरात जाहिरात करण्याऐवजी पायी किंवा दुचाकीवरून सहज येता येईल एवढ्याच परिसरावर लक्ष केंद्रित करणे हिताचे ठरते. वर्तमानपत्रातून वाटली जाणारी हस्तपत्रके, सोसायटीच्या कार्यालयाची परवानगी घेऊन लावलेली सूचना, वाचनालय, स्टेशनरीचे दुकान आणि बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना ही पालकांच्या वावराची ठिकाणे आहेत. गणेशोत्सवात मंडळाच्या किंवा सोसायटीच्या चित्रकला स्पर्धेचे परीक्षण विनामूल्य करणे हीदेखील प्रभावी प्रसिद्धी ठरते.

खांबांवर आणि भिंतींवर विनापरवाना पत्रके चिकटविणे मात्र टाळावे. महाराष्ट्रात १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्यानुसार तो गुन्हा आहे. मुंबईत घाटकोपर येथे १३ मे २०२४ रोजी महाकाय फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर फलकांच्या परवानगीचा प्रश्न अधिक गंभीरपणे पाहिला जाऊ लागला.

पत्रकाचा मजकूर मोजकाच असावा. कोणत्या वयाच्या मुलांसाठी, काय शिकविणार, किती दिवस, कोणत्या वेळी, एका तुकडीत किती मुले, शुल्क किती आणि त्यात साहित्याचा समावेश आहे की नाही, ही सात माहिती सुस्पष्ट द्यावी. 'शुल्कासाठी संपर्क साधा' असे लिहिले, की बरेच पालक संपर्कच साधत नाहीत.

मोबाइलचा वापर

गुगलच्या नकाशावर व्यवसायाची विनामूल्य नोंद करता येते. 'जवळचा चित्रकला वर्ग' असा शोध घेणाऱ्या पालकाला पत्ता, वेळ आणि इतर पालकांचे अभिप्राय तेथे दिसतात. समाधानी पालकांना अभिप्राय लिहिण्याची विनंती अवश्य करावी; नातेवाइकांकडून खोटे अभिप्राय लिहून घेऊ नयेत. व्हॉट्सॲपवर एकाच वेळी अनेकांना संदेश धाडण्याची सोय आहे. पण आपला क्रमांक ज्यांनी जतन केला आहे, त्यांनाच असा प्रसारित संदेश पोहोचतो. म्हणून चौकशीसाठी आलेल्या प्रत्येक पालकास क्रमांक जतन करण्यास सांगावे. रोज संदेश पाठवून त्यांना हैराण मात्र करू नये.

आश्वासनांची मर्यादा

'दहा दिवसांत स्मरणशक्ती दुप्पट', 'डोळ्यांवर पट्टी बांधून वाचन' अशा जाहिरातींनी अनेक पालकांना भुलविले आहे. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या नावाखालील अशा दाव्यांचा अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने जाहीरपणे पर्दाफाश केला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिकवणी वर्गांच्या जाहिरातींसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांतून क्रीडा, नृत्य, नाट्य आणि इतर सर्जनशील उपक्रम वगळण्यात आले आहेत; तथापि मूळ कायदा त्यांनाही लागू आहेच. 'मूल चित्रकार होईल' असे म्हणण्यापेक्षा 'मूल दहा दिवसांत जलरंगाची चार तंत्रे हाताळील' असे सांगणे अधिक प्रामाणिक आणि अधिक परिणामकारकही ठरते.

छायाचित्रे आणि सुरक्षितता

हसऱ्या मुलांची छायाचित्रे ही या व्यवसायाची सर्वांत आकर्षक जाहिरात असते आणि सर्वाधिक जोखमीचीही. छायाचित्र प्रसिद्ध करण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी. मुलाचे पूर्ण नाव, शाळा किंवा घराचा पत्ता त्यासोबत देऊ नये. १८ वर्षांखालील मुलांच्या डिजिटल माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात करण्यात आली आहे. मुलांचे चेहरे न दाखवता त्यांचे हात, रंगलेली चित्रे किंवा बांधलेला किल्ला दाखविणे हा सुरक्षित पर्याय होय.

मुलाला घ्यायला कोण येणार, प्रथमोपचाराची पेटी आहे का, मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आहे का, वर्गात दुसरी प्रौढ व्यक्ती हजर असते का, या प्रश्नांची उत्तरे पालकांनी विचारण्यापूर्वीच द्यावीत. कोणत्याही घोषवाक्यापेक्षा या उत्तरांचा प्रभाव अधिक पडतो.

हिशेब

समजा, दहा दिवसांच्या शिबिरात २० मुले आहेत आणि शुल्क प्रत्येकी १,५०० रुपये आहे. एकूण जमा ३०,००० रुपये होते. जागेचे भाडे, साहित्य आणि मदतनीसाचे मानधन वजा जाता जाहिरातीस फार रक्कम उरत नाही. म्हणून प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक पालकास 'आपल्याला आमची माहिती कोठून मिळाली?' हा प्रश्न विचारून वहीत नोंद ठेवावी. पुढील वर्षी कोठे पैसे घालावेत आणि कोठे घालू नयेत, हे ती वहीच सांगते. सेवा व्यवसायास वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे वस्तू व सेवा कराची नोंदणी लागत नाही. लघुउद्योगांसाठीची 'उद्यम' नोंदणी जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि विनामूल्य आहे.

पहिल्या वर्षी आठच मुले आली, तरी खचून जाण्याचे कारण नाही. ती आठ मुले घरी जाऊन काय सांगतात, यावर दुसऱ्या वर्षाची पटसंख्या अवलंबून असते.