सिग्वेंझा किल्ला

सिग्वेंझा किल्ला हा स्पेनच्या ग्वादालाहारा प्रांतातील सिग्वेंझा शहरात, टेकडीच्या माथ्यावर असलेला मध्ययुगीन किल्ला आहे. तो माद्रिदच्या ईशान्येस सुमारे १३० किलोमीटर अंतरावर आहे. इ.स. १९७० च्या दशकापासून येथे 'पारादोर' म्हणजे स्पेन सरकारच्या मालकीचे हॉटेल आहे.

इतिहास

मूळ गढी मुस्लिम राजवटीत बांधली गेली. बाराव्या शतकात ख्रिस्ती सैन्याने ती जिंकल्यानंतर तेथे सिग्वेंझाचे बिशप राहू लागले. तेच शहराचे सरंजामी अधिपतीही होते. चौदाव्या शतकात कास्तियाचा राजा पहिला पेद्रो याने आपली पत्नी ब्लांका दे बोर्बोन हिला येथे कैदेत ठेवले होते. एकोणिसाव्या शतकातील पडझडीनंतर स्पॅनिश यादवी युद्धात (१९३६–३९) किल्ल्याची मोठी हानी झाली.

पुनर्बांधणी

पहिले पारादोर १९२८ मध्ये ग्रेदोस पर्वतात सुरू झाले. पुढे जुने किल्ले, मठ व वाडे वापरात आणून जतन करण्याचे धोरण या संस्थेने राबवले. सिग्वेंझा येथे भग्नावशेषांवर नव्याने बांधकाम करावे लागले.

निवास

पाहुण्यांना आतील चौक व रोमनेस्क शैलीतील प्रार्थनागृह पाहता येते. काही खोल्यांत छपरी पलंग आहेत. तटबंदी व बुरूज यांमुळे बाह्यरूप मध्ययुगीन असले, तरी मुक्कामाचा बहुतांश भाग विसाव्या शतकातील आहे. अशा पुनर्बांधणीमुळे वास्तू टिकते. मात्र अस्सल अवशेष आणि नवी रचना यांतील सीमारेषा पाहुण्यास सहजी ओळखता येत नाही.

हे सुद्धा पाहा

* स्पॅनिश यादवी युद्ध
* कास्तियाचा पहिला पेद्रो