यंत्र, यंता आणि यती

‘यंत्र’ या शब्दाशी आज आपण गती आणि शक्ती यांचीच सांगड घालतो. त्याची व्युत्पत्ती मात्र वेगळ्या दिशेला नेते. संस्कृतातील ‘यम्’ या धातूचा अर्थ आवरणे, रोखून धरणे असा आहे. यंत्र म्हणजे आवरण्याचे साधन. सारथ्याला ‘यंता’ म्हणतात ते याच धातूवरून. चरणातील विरामस्थान दाखविणारी छंदशास्त्रातील ‘यती’ही याच कुळातली. तंत्रज्ञानाचे इतिहास बहुधा गतीचे इतिहास असतात; आवर घालणाऱ्या साधनाची त्यांत तळटीपेपुरती बोळवण होते. विद्युत मोटरच्या वेगनियंत्रकाचा, आणि विशेषतः तो घरी बनवू पाहणाऱ्यांचा, इतिहास या तीन शब्दांच्या आधाराने वाचता येतो असे आम्हांला वाटते.

मोटरचा जन्मही काही अंशी घरगुतीच आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातले थॉमस डेव्हनपोर्ट हे व्यवसायाने लोहार. औपचारिक शिक्षण बेताचे. लोहखनिज वेगळे करण्यासाठी वापरला जाणारा विद्युतचुंबक त्यांनी पाहिला, पदरमोड करून विकत घेतला आणि उलगडून पाहिला. तारांवर वेष्टण हवे म्हणून पत्नी एमिली यांनी आपल्या लग्नातील रेशमी पोशाखाच्या पट्ट्या कापून दिल्या, असे सांगितले जाते. १८३७ मध्ये डेव्हनपोर्ट यांना मोटरचे पेटंट मिळाले; १८५१ मध्ये ते वारले तेव्हा हाती पैसा नव्हता. वेग आवरण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे फारसा नव्हताच. त्या काळच्या महागड्या, अशक्त बॅटरीतून मिळणारी वीज अपुरीच पडे.

हा प्रश्न उभा राहिला तो वीज मुबलक झाल्यावर. १८८८ मध्ये फ्रँक स्प्रेग यांनी रिचमंड शहरात विजेवरची ट्राम यशस्वी करून दाखविली. फिरणारी मोटर स्वतःच उलटा विद्युत्दाब निर्माण करते आणि आत येणाऱ्या प्रवाहाला मर्यादा घालते. थांबलेल्या मोटरपाशी हा उलटा दाब नसतो. तिला थेट वीज जोडली तर प्रवाहाचा लोंढा येतो आणि तिची गुंडाळी जळू शकते. यावर उपाय म्हणून वाटेत रोधक ठेवायचे आणि गाडी वेग घेईल तसे ते एकेक करून काढून टाकायचे. मुंबईत १९०७ मध्ये विजेवरची ट्राम सुरू झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची आगगाडी १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर धावली. एकदिश प्रवाहाच्या त्या युगात मोटरमन ज्या हँडलने गाडी हाकीत, त्याच्यामागेही हेच रोधक तापत असत. मुंबईच्या उपनगरी मार्गांवरील हा प्रवाह २०१६ पर्यंत पूर्णपणे हटला, आणि त्याच्यासोबत एक संपूर्ण नियंत्रणपद्धतीही मागे पडली.

या पद्धतीतील मर्म ध्यानात घ्यावयास हवे. रोधकाने वेग कमी होतो तो वाटेत अडथळा उभा करून, आणि अडविलेली वीज उष्णता होऊन वाया जाते. उदाहरणार्थ, १४४ व्होल्टच्या बॅटरीवरची मोटर निम्म्या दाबाने चालवायची आहे आणि तिला २०० अँपिअर प्रवाह लागतो आहे. तेव्हा उरलेले ७२ व्होल्ट रोधकावर पडतात आणि तेथे १४,४०० वॅट जळतात. म्हणजे एकाच वेळी चालू ठेवलेल्या चौदा इस्त्र्यांएवढी उष्णता. हा अपव्यय टाळण्याचा एक मार्ग वॉर्ड लिओनार्ड यांनी १८९१ मध्ये दाखविला होता. त्यात एका मोटरचा वेग आवरण्यासाठी दुसरी मोटर आणि एक जनित्र लागे. खाणींतील पाळणे आणि उंच इमारतींतील लिफ्ट यांना तो खर्च परवडला. सामान्य माणसाला परवडण्याचा प्रश्नच नव्हता.

खरे वळण आले ते अर्धवाहकांमुळे. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या अभियंत्यांनी थायरिस्टर घडविला आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस मोठा प्रवाह पेलणारे मॉस्फेट बाजारात आले. त्यांनी नियंत्रणाची कल्पनाच पालटली. आता वीज अर्धवट अडवायची नाही. क्षणभर पूर्ण द्यायची, क्षणभर पूर्ण थांबवायची, आणि हे सेकंदाला हजारो वेळा करायचे. देण्याचा आणि थांबण्याचा काळ समान ठेवला की मोटरला सरासरी निम्मा दाब मिळतो. विराम असूनही तिला हिसके बसत नाहीत, कारण गुंडाळीतला प्रवाह एकाएकी थांबू शकत नाही. विरामाच्या काळात तो एका डायोडमधून वळसा घेऊन फिरत राहतो. वरच्या उदाहरणात इस्त्र्यांएवढी जळणारी वीज येथे काहीशे वॅटांवर येते. आवरण्याचे साधन आता यती झाले. छंदातही यती आली म्हणून लय तुटत नाही; प्रवाह आतून चालूच असतो.

या कल्पनेला घराचे दार उघडले ते काहीशा कडवट प्रसंगानंतर. शून्य-प्रदूषण गाड्या विकण्याचे बंधन कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये उत्पादकांवर घातले. १९९६ पासून जनरल मोटर्सने ‘ईव्ही१’ ही विजेवरची गाडी रस्त्यावर आणली, पण ती विकली नाही. केवळ भाड्याने दिली. पुढे नियम सैल झाले. कंपनीने गाड्या परत घेतल्या, त्यांतील बहुतेक चिरडून टाकल्या आणि काही संग्रहालयांना दिल्या. गाडीवर जीव जडलेल्या चालकांनी विनवण्या केल्या. उपयोग झाला नाही. २००६ च्या एका माहितीपटामुळे ही कथा जगभर पोचली.

जुन्या गाडीतले पेट्रोलचे इंजिन काढून तेथे फोर्कलिफ्टची मोटर आणि शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या बसविणारे हौशी लोक तेव्हाही होते. बाकी सारे त्यांना जमे. अडे ते वेगनियंत्रकापाशी. तो हजार डॉलरांहून महाग, आणि बंद डब्यातला. २००८ च्या सुमारास काही हौशी अभियंत्यांनी आपल्या नियंत्रकाचे आराखडे आणि त्यातील मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. बंद डब्याची जणू संहिताच वाचकांच्या हाती आली.

ही संहिता वाचणे सोपे नाही. प्रवाह वाटून घेण्यासाठी एकाशेजारी एक असे अनेक मॉस्फेट जोडावे लागतात. एकाने अधिक भार घेतला तर तो आधी जातो आणि मग इतरही जातात. प्रवाह तोडताना बॅटरीकडून येणाऱ्या लांब तारांमुळे दाबाचा झटका उसळतो. तो शोषण्यासाठी कपॅसिटर अगदी जवळ बसवावे लागतात. हे रिकामे कपॅसिटर बॅटरीला थेट जोडले तर ठिणगी उडते, म्हणून ते आधी एका रोधकातून सावकाश भरून घ्यायचे. सिंहासनावरून उतरलेला रोधक येथे द्वारपाल म्हणून परत आलेला दिसतो.

सर्वांत गंभीर बाब याहून निराळी आहे. मॉस्फेट बिघडतो तेव्हा तो बहुधा बंद पडत नाही, उघडा राहतो. यती नाहीशी होते. मोटरला पूर्ण वीज मिळते आणि पायाखालचे पेडल निरर्थक ठरते. काव्यात यतिभंग झाला तर टीकाकार दोष काढतो. येथे गाडी माणसांच्या अंगावर जाऊ शकते. म्हणून मोठा फ्यूज, हाताने तोडता येणारा मुख्य कॉन्टॅक्टर आणि पेडलची तार तुटली तर वेग शून्यावर आणणारी प्रोग्राममधील तपासणी, या गोष्टींशिवाय घरगुती नियंत्रक रस्त्यावर नेणे हा गुन्हाच मानावयास हवा.

घरी बनविलेली वस्तू कारखान्यातल्या वस्तूहून सरस असते, असा दावा आम्ही करणार नाही. पुष्कळदा ती नसते. पण बंद डबा विकत घेणाऱ्याला केवळ वेग मिळतो. डबा स्वतः घडविणाऱ्याला वेग कोठे थांबतो, का थांबतो आणि थांबला नाही तर काय होईल, हे जाणून घ्यावेच लागते. ‘ईव्ही१’च्या चालकांकडे गाडी होती, तिचा लगाम नव्हता. ‘यंता’ या शब्दात हाकणे आणि आवरणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ज्याला आवरता येत नाही तो यंता नव्हे, प्रवासी होय.