स्टिंग : रॉककडून जॅझकडे

ब्रिटिश रॉक गायक स्टिंग यांचा ‘द ड्रीम ऑफ द ब्लू टर्टल्स’ हा पहिला एकल अल्बम जून १९८५ मध्ये प्रकाशित झाला. लोकप्रियतेच्या शिखरावर असताना आपली परिचित शैली बाजूला ठेवून त्यांनी जॅझ वादकांच्या साथीने केलेला प्रयोग म्हणून हा अल्बम ओळखला जातो.

पार्श्वभूमी

लंडनमध्ये १९७७ साली स्थापन झालेल्या ‘द पोलीस’ या त्रयीत स्टिंग गायक व बास गिटारवादक होते. अँडी समर्स गिटार, तर स्टुअर्ट कोपलंड ड्रम वाजवीत. रॉक आणि जमैकातील रेगे यांचा मिलाफ ही या त्रयीची ओळख होती. मार्च १९८० मध्ये मुंबईतही तिचा कार्यक्रम झाला होता. १९८३ चा ‘सिंक्रोनिसिटी’ हा अल्बम अमेरिकेत १७ आठवडे प्रथम स्थानावर राहिला. १९८४ मध्ये त्याचा दौरा संपताच तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

जॅझ मात्र स्टिंग यांना नवे नव्हते. न्यूकॅसल परिसरात शिक्षकी करीत असताना ते ‘लास्ट एक्झिट’ या जॅझ समूहात वादन करीत असत.

नवे सहकारी

स्टिंग यांनी अमेरिकेतील तरुण कृष्णवर्णीय जॅझ वादकांची निवड केली. ड्रमवादक ओमर हकीम ‘वेदर रिपोर्ट’ या समूहातून, तर बासवादक डॅरिल जोन्स माइल्स डेव्हिस यांच्या वाद्यवृंदातून आले होते. सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड मार्सालिस आणि पियानोवादक केनी कर्कलंड हे ट्रम्पेटवादक विंटन मार्सालिस यांचे साथीदार होते. जॅझच्या शुद्धतेविषयी आग्रही असलेल्या विंटन यांना आपला सख्खा भाऊ रॉक गायकाच्या साथीला गेलेला रुचला नाही. या मतभेदाची चर्चा दीर्घकाळ होत राहिली.

स्वतः स्टिंग यांनी बहुतेक गीतांत बास सोडून गिटार हाती घेतली. अल्बमचे बरेचसे ध्वनिमुद्रण बार्बाडोस येथे झाले.

संगीत व आशय

हा अल्बम पूर्णार्थाने जॅझ नाही. गीतांची बांधणी पॉप संगीताचीच आहे; बदलले आहे ते वादनातील स्वातंत्र्य. ‘पोलीस’च्या १९८० च्या अल्बममधील ‘शॅडोज इन द रेन’ हे गीत येथे द्रुत लयीत नव्याने सादर झाले आहे. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकल्यास शैलीतील अंतर सहज ध्यानी येते. ‘रशियन्स’ या शीतयुद्धावरील गीतात सोव्हिएत संगीतकार सर्गेई प्रोकोफिएव्ह यांच्या रचनेतील सुरावट योजली आहे, तर ‘वी वर्क द ब्लॅक सीम’ला ब्रिटनमधील कोळसा खाणकामगारांच्या १९८४-८५ च्या संपाची पार्श्वभूमी आहे.

प्रतिसाद

अल्बमने अमेरिकेत दुसरे, तर ब्रिटनमध्ये तिसरे स्थान गाठले. वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमच्या ग्रॅमी पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले. या वाद्यवृंदाच्या जडणघडणीवर मायकेल ॲप्टेड यांनी ‘ब्रिंग ऑन द नाइट’ हा माहितीपट १९८५ मध्येच तयार केला.

मार्सालिस व कर्कलंड यांची साथ १९८७ च्या ‘नथिंग लाइक द सन’ या अल्बममध्येही कायम राहिली. ‘पोलीस’ची त्रयी २००७-०८ मध्ये दौऱ्यासाठी पुन्हा एकत्र आली, तथापि तिने नवा अल्बम काढला नाही. १९८५ मध्ये अनेकांना धाडस वाटलेले हे वळणच स्टिंग यांच्या पुढील कारकिर्दीचा पाया ठरले.