पेरू, पीरू, टर्की: एका परदेशी पक्ष्याची भारतातील नोंद

टर्की हा पक्षी मूळचा मेक्सिकोचा. तेथील लोकांनी तो दोन हजार वर्षांपूर्वीच माणसाळवला होता आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश खलाशांनी तो युरोपात नेला. त्याला मिळालेली नावे मात्र मेक्सिको सोडून भलत्याच देशांची आहेत. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरवले, तुर्क त्याला ‘हिंदी’ म्हणतात, फ्रेंचांचे ‘दँद’ हे नाव ‘भारताची’ या अर्थाचे आहे, डचांच्या ‘काल्कून’मध्ये कालिकत बंदर दडलेले आहे, आणि पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात; हिंदी-उर्दूतील ‘पीरू’ हे याच नावाचे रूप होय. ज्या पक्ष्याच्या नावाबाबतच इतका घोळ झाला, त्याच्या वाणांची ओळख पटवताना आजही घोळ व्हावा, यात नवल नाही.

भारतातील त्याची सर्वांत तपशीलवार जुनी नोंद गोव्याशी जोडलेली आहे. 1612 मध्ये जहांगीर बादशहाच्या आज्ञेवरून त्याचा दरबारी मुकर्रब खान गोव्याला गेला आणि तेथून दुर्मिळ वस्तू व प्राणी घेऊन दरबारात परतला. त्यांत हा पक्षीही होता. बादशहाने तो नुसता पाहून सोडला नाही, तर आकाराने तो लांडोरीपेक्षा मोठा व मोरापेक्षा लहान आहे, माजावर आला की पिसारा फुलवून नाचतो, त्याचे डोके व मान क्षणाक्षणाला रंग पालटते आणि डोक्यावरचा मांसल भाग कधी हत्तीच्या सोंडेसारखा खाली लोंबतो तर कधी आखडून शिंगासारखा उभा राहतो, असे बारकावे त्याने आपल्या आठवणींत टिपून ठेवले आणि चित्रकार उस्ताद मन्सूरकडून त्याचे चित्र काढवून घेतले. हे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पक्षी ओळखायचा तर आधी तो अंगप्रत्यंग न्याहाळून नोंदवावा लागतो, ही शिस्त या नोंदीत पूर्णपणे दिसते.

पुढे अमेरिकेत अशा नोंदीला प्रमाणाचे रूप आले. 1874 मध्ये तेथील कुक्कुटपालक संघाने काळा, ब्राँझ, नॅरागॅन्सेट, स्लेट आणि पांढरा हॉलंड हे वाण मान्य केले. ‘वाण’ म्हणजे एकाच जातीतील, मुख्यतः पिसांच्या रंगावरून वेगळा काढलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या तोच रंग देणारा गट. विसाव्या शतकात रुंद छातीची, झपाट्याने वजन धरणारी पैदास पुढे आली. तिच्या नरांचा देह इतका अवजड झाला की नैसर्गिक समागम जवळजवळ अशक्य होऊन कृत्रिम रेतन करावे लागले. म्हणूनच ‘वारसा वाण’ ठरवताना रंगाबरोबर तीन गोष्टी पाहतात: नर-मादीचा नैसर्गिक संयोग, दीर्घ उत्पादक आयुष्य आणि संथ वाढ, म्हणजे विक्रीयोग्य वजनाला साधारण 28 आठवडे. ब्राँझ रंगाची रुंद छातीची टर्कीही असते. तेव्हा तांबूस झळाळी दिसली की वारसा वाण मिळाले, हा समज चुकीचा आहे.

रंग फसवतो, याचे कारण आनुवंशिकतेत आहे. पांढरा रंग अप्रभावी, म्हणजे आई व बाप दोघांकडून आला तरच दिसणारा असल्यामुळे दोन ब्राँझ पक्ष्यांच्या पिलांत एखादे पांढरे निघू शकते. नॅरागॅन्सेट रंगाचा घटक लिंगनिगडित आहे. नॅरागॅन्सेट नर आणि शुद्ध ब्राँझ मादी यांची जोडी लावली तर सर्व माद्या नॅरागॅन्सेट व सर्व नर ब्राँझ निपजतात. ब्राँझच्या पिसांवर जिथे तांबूस झाक असते, तिथे नॅरागॅन्सेटमध्ये पोलादी करडा रंग येतो. अशा जोडीचे नर दिसायला ब्राँझ असले तरी नॅरागॅन्सेटचा घटक पुढे नेतात, आणि ते रंगावरून नव्हे, तर वंशावळीच्या वहीवरून कळते.

भारतात वही ठेवून झालेले काम आहे, पण ते मुख्यतः संस्थांचे. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1934 ते 1941 या काळात बेल्ट्सव्हिल येथे लहान चणीची पांढरी टर्की घडवली. तिचा देशी काळ्या टर्कीशी संकर करून तामिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाने ‘नंदनम टर्की 1’ तयार केली. त्या देशी काळ्या टर्कीचे मोल या संकरातच सिद्ध झाले आहे. परसातल्या कळपांत ती आज बेहिशेबी मिसळून जात असेल, तर ते मोठे नुकसान होय.

पुण्याजवळच्या कासारवाडीला हा विषय दूरचा नाही. लोहमार्गाने दापोडी ओलांडली की खडकी येते, आणि तेथे शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. मात्र लोहमार्ग, मुंबई-पुणे महामार्ग आणि नाशिक फाट्याचा उड्डाणपूल यांच्यामध्ये उरलेले परस अरुंद असते, तेथे कोंबड्या आणि टर्की एकाच मातीत चरतात आणि कोंबडीच्या आतड्यातील जंतांच्या अंड्यांवाटे पसरणारा ‘ब्लॅकहेड’ हा यकृताचा रोग टर्कीला मारक ठरतो; म्हणून टर्कीचे खुराडे व जमीन दोन्ही वेगळी ठेवणे भाग आहे. खुडूक मादीखाली 28 दिवसांनी पिले फुटली की पहिल्याच दिवशी त्यांच्या लवीचा रंग लिहावा, पायात क्रमांकाची कडी घालावी आणि प्रत्येक क्रमांकापुढे आई-बापांचे क्रमांक मांडावेत. टर्की पाळणाऱ्यांनी हे काम येत्या उबवणीपासूनच सुरू करावे.