कौळाण्याचा मुलगा आणि एक शिष्यवृत्ती



जून उजाडला की आमच्या गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाल्यावर एक विषय हमखास निघतो. पोरीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा, पण दाखल्यांसाठी तालुक्याला खेपा कोण घालणार? प्रत्येक खेपेला एक रोज बुडतो. एवढं करून हाती येणार किती? म्हणून आज एका शिष्यवृत्तीची गोष्ट सांगतो. तिची सुरुवात आपल्याच नाशिक जिल्ह्यातली आहे.

मालेगाव तालुक्यातल्या कौळाणे गावी १८६३ साली गोपाळ गायकवाड हा मुलगा जन्मला. १८७५ साली बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं. शेतकऱ्याघरचा हा मुलगा पुढे महाराज सयाजीराव झाला. शिक्षणाची किंमत त्यांना कळली होती. १९०६ साली त्यांनी साऱ्या बडोदा संस्थानात मुलामुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं.

तेव्हा मुंबईत, परळच्या चाळीत राहून भीमराव आंबेडकर शिकत होते. पुढच्या कॉलेजचा खर्च घराला झेपेना. केळुसकर गुरुजींनी सयाजीरावांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपये सुरू झाले. भीमराव बी. ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. जूनमध्ये बडोदा संस्थानाशी करार झाला: अमेरिकेत तीन वर्षं शिक्षण, महिना साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी.

भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. इकडे रमाबाई, पदरात लहानगा यशवंत. शिकणाऱ्याचं नाव इतिहासात राहतं, पण मागे ओढाताणीत संसार रेटणारीचाही त्या शिक्षणात वाटा असतो, हे आपण बायकांनी तरी विसरू नये.

१९१७ साली करार पाळायला बाबासाहेब बडोद्याला गेले. एवढे शिकलेले अधिकारी, पण कचेरीतले शिपाई कागद लांबून टाकत. शहरात राहायला कुणी घर देईना. एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तर जात कळताच लोक काठ्या घेऊन आले. नोकरी सोडून त्यांना मुंबईला परतावं लागलं. शिष्यवृत्तीने पदवी दिली, पण जात पुसली नाही. त्यासाठी लढावंच लागलं.

दहा वर्षांची नोकरी राहून गेली, पण त्या शिक्षणाची परतफेड बाबासाहेब जन्मभर करत राहिले. १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात, कामगार बायांना बाळंतपणात भत्त्यासह रजा मिळावी म्हणून आलेल्या विधेयकाच्या बाजूने ते बोलले. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. २ मार्च १९३० ला आपल्या नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दिंडोरी तालुक्यातले दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते आणि बायाही मागे राहिल्या नाहीत. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री झाले. तिथे त्यांनी दलित मुलांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडे पैसा मागितला, आणि १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. आज आपल्या वस्तीतल्या मुली ज्या शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतात, तिची मुळं तिथवर जातात.

कौळाण्याच्या मुलाला एका बाईने निवडलं, त्याने परळच्या मुलाला हात दिला, आणि त्या मुलाने पुढच्या हजारोंसाठी वाट केली. तेव्हा या जूनमध्ये आम्ही एक ठरवलंय. प्रत्येकीने एकटीने रोज बुडवायचा नाही. गटातली एकजण सगळ्या मुलींचे कागद घेऊन तालुक्याला जाईल आणि तिचा रोज बाकीच्या मिळून भरून देतील. तुमच्या गटातही हा विषय काढा.