ऊसतोडीला जाताय? मुलाचं लसीचं कार्ड सोबत घ्या, बूस्टर चुकवू नका

नंदुरबार : दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची पेंटाव्हॅलंट लस झाली की पालक निश्चिंत होतात. पण डांग्या खोकला, धनुर्वात व घटसर्पाविरुद्धची ताकद पुढे कमी होत जाते. म्हणून डीपीटीचा पहिला बूस्टर १६ ते २४ महिन्यांत, तर दुसरा ५ ते ६ वर्षांच्या वयात देतात. पुढे १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडी. त्यात डांग्या खोकल्याची लस नसते.

धडगाव, अक्कलकुवा भागातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि नेमका बूस्टर राहून जातो. राहिला तरी आधीचे डोस वाया जात नाहीत, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. मात्र डीपीटी सात वर्षं पूर्ण होण्याआधीच मिळते, नंतर फक्त टीडी. गुजरातच्या सरकारी दवाखान्यातही ही लस मोफत आहे. माता-बाल संरक्षण कार्ड दाखवायचं. कार्ड हरवलं तर निघण्याआधी आशाताई किंवा नर्सबाईंकडून नोंद काढून घ्यावी.

सुईच्या जागी सूज, एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. त्याला घाबरून पुढचा डोस टाळू नये. झटके आले तर मात्र लगेच दवाखाना गाठावा.