संत याकोबांच्या वाटेवरील पाऊस

ज्युबिलीच्या स्मरणपुस्तकांत आपल्याच धर्मग्रामाचा इतिहास यावा, हें योग्यच आहे. मंदिराचा पाया कधीं घातला, घंटा कोणी आणविली, पूर्वजांनीं किती कष्ट सोसले, हें मुलाबाळांस कळलें पाहिजे. परंतु या लेखांत आम्ही वाचकांस अंमळ दूर, स्पेन देशांत नेणार आहों. तेथें एका प्रेषिताच्या कबरेकडे जाणारी पायवाट हजार वर्षांहून अधिक काळ यात्रेकरू तुडवीत आले आहेत. त्या वाटेवर पाऊस कसा सोसला गेला आणि कोणाच्या आधारानें सोसला गेला, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

जब्दीचे पुत्र व संत योहानांचे बंधु संत याकोब आमच्या लोकांस परके नाहींत. वसई प्रांतीं आगाशीचें मंदिर त्यांच्याच नांवाचें आहे. त्यांचा सण २५ जुलै रोजीं येतो, म्हणजे आमच्याकडे ऐन पावसाळ्यांत, शेतांत गुडघाभर चिखल असतां. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यांत, गालिसिया प्रांतीं, नवव्या शतकाच्या आरंभीं बिशप तेओदोमिर यांनीं एक प्राचीन कबर या प्रेषिताची म्हणून ओळखली, अशी परंपरा आहे. राजा दुसरा आल्फोन्सो यानें तेथें मंदिर बांधविलें. पुढें तें स्थळ सांतियागो दे कोंपोस्तेला या नांवानें प्रसिद्धीस आलें, आणि यरुशलेम व रोम यांच्या जोडीचें महातीर्थ म्हणून ख्रिस्ती जगांत त्याची गणना होऊं लागली.

पिरेनीस पर्वताच्या फ्रान्सकडील पायथ्यापासून तेथवर सुमारें ७८० किलोमीटरांची चाल आहे. आजचा यात्रेकरू ती महिन्या-सव्वामहिन्यांत पुरी करतो. मध्ययुगांतला यात्रेकरू मात्र स्वतःच्या उंबऱ्यापासूनच पायीं निघे, आणि पोहोंचल्यावर तितकेंच अंतर पायीं परत जाई. त्यामुळें कोरडा ऋतु पाहून निघणें त्याच्या हातीं नसे. जुलैचा सण गांठला तर परतीच्या वाटेवर शरदाचा पाऊस भेटे; ३० डिसेंबरचा दुसरा सण गांठावा तर हिवाळ्याचें वादळ पुढें उभें राही.

गालिसियाचे ढग अटलांटिक महासागरावरून येतात. सांतियागो शहरीं वर्षाकांठीं सुमारें १८०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोंकणचा मनुष्य या आंकड्यास भिणार नाहीं. परंतु आमचा पाऊस चार महिन्यांत सारें देणें चुकवून मोकळा होतो. तिकडचा पाऊस तें थोडें थोडें करून वर्षभर फेडतो, आणि त्याच्या सोबतीस थंडी असते. तेथील बारीक झिमझिमीस ओर्बायो असें नांव आहे. ओल धान्यास लागूं नये म्हणून शेतकरी आपलीं कोठारें दगडी खांबांवर उचलून बांधतात. अशा हवेंत यात्रेकरूपाशीं काय असे? रुंद काठाची टोपी, खांद्यांवर आंखूड डगला, लोंकरी झगा, हातांत काठी, कमरेस पाण्याचा भोपळा आणि परततांना प्रेषिताची खूण म्हणून शिंपला. आमच्या शेतकऱ्यानें इरलें पांघरलें कीं पाणी निथळून जातें. लोंकर मात्र पाणी पिते, जड होते आणि लवकर वाळत नाहीं. चामड्याचे जोडे भिजून फुगत, पायांस फोड येत, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच ओल्या जोड्यांत पाय घालून पुढें चालावें लागे. आषाढांत भिजत पंढरपुराकडे जाणारे वारकरी ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस या चालीची कल्पना करणें कठीण नाहीं.

तथापि अंगावर पडणाऱ्या पाण्यापेक्षां वाटेवर आडवें येणारें पाणी अधिक भयंकर होतें. बाराव्या शतकाच्या मध्यास यात्रेकरूंसाठीं लिहिलेला एक वाटाड्या-ग्रंथ कोंपोस्तेलाच्या मंदिरांत जतन केलेला आहे. त्यांत पिरेनीसच्या अलीकडील सोर्द गांवच्या नावाड्यांवर कडक दोषारोप आहे. एका झाडाच्या खोडाच्या डोणींत ते भाड्याच्या लोभानें माणसें कोंबीत. डोणी उलटली कीं बुडालेल्यांचें सामान लुटीत. पाऊस कोणाच्याहि स्वाधीन नाहीं. पण पावसानें अडलेल्या माणसाशीं कसें वागावें, तें प्रत्येकाच्या स्वाधीन आहे. त्याच ग्रंथांत जुना रस्ता दुरुस्त करणाऱ्यांचीं नांवेंहि कृतज्ञतेनें नोंदलीं आहेत. मिन्यो नदीवरील पूल राणी उर्राकानें पाडविला होता. तो पुन्हा बांधणारा पेद्रो त्यांत आहे. ज्यांचें नांव इतर कोठेंहि उरलें नसतें, तीं माणसें एका पुलामुळें इतिहासांत राहिलीं.

पूल बांधणाऱ्यांत श्रेष्ठ म्हणजे संत दोमिंगो. यांचा जन्म परंपरेनें १०१९ सालचा मानतात. मठांत प्रवेश मिळावा म्हणून त्यांनीं दोन ठिकाणीं प्रयत्न केला, आणि दोन्ही ठिकाणीं त्यांस नकार मिळाला. तेव्हां ते ओखा नदीकांठच्या रानांत एकांतवासी होऊन राहिले. तेथून जाणारे यात्रेकरू रानांत व चिखलांत कसे हाल सोशीत आहेत, हें त्यांस रोज दिसे. त्यांनीं रान तोडून फरसबंदी रस्ता केला, नदीवर पूल घातला, आणि यात्रेकरूंसाठीं रुग्णालय उभारलें. ते ११०९ सालीं मरण पावले. त्यांच्या भोंवतीं वसलेल्या गांवास आजहि रस्त्याचे संत दोमिंगो याच अर्थाचें नांव आहे, आणि स्पेनचे रस्ते-पूल बांधणारे इंजिनियर त्यांस आपले आश्रयदाते मानतात. त्यांचे शिष्य संत हुआन दे ओर्तेगा यांनीं पुढील डोंगरांत हेंच काम चालविलें. ज्यांस मठानें घेतलें नाहीं त्यांनीं चिखलांत दगड बसवून देवाची सेवा केली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

पिरेनीसच्या माथ्यावर धुकें, हिम आणि पाऊस एकदमच गांठीत. तेथून उतरतांना रोन्सेस्वायेसचें आश्रयस्थान लागतें. तें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत स्थापन झालें. खिंडींतील देवळाची घंटा धुक्यांत वाजवीत, म्हणजे चुकलेला यात्रेकरू आवाजाच्या रोखानें येई. तेराव्या शतकांतील एका लॅटिन काव्यांत या घराचें वर्णन आहे: त्याचें दार रोग्यास व निरोग्यास सारखेंच उघडें असे, आणि केवळ कॅथोलिकांसच नव्हे तर यहुद्यांस व अन्यधर्मीयांसहि आंत घेतलें जाई. दारांत उभा असलेला मनुष्य भिजलेला आहे, एवढें पाहणें तेथें पुरेसें होतें.

आतां आम्ही या लेखाच्या मुख्य गोष्टीकडे येतों. वाट गालिसियांत शिरते ती सुमारें १३०० मीटर उंचीवरील सेब्रेइरो गांवापाशीं. तेथें गवती छपरांचीं वाटोळीं दगडी घरें आणि एक लहानसें जुनें मंदिर आहे. परंपरा सांगते कीं, सुमारें १३०० सालीं हिवाळ्यांत एके दिवशीं असें तुफान झालें कीं मिस्सेस कोणी येईल ही आशाच नव्हती. वेदीपाशीं उभ्या असलेल्या धर्मगुरूंचा विश्वास थंडावला होता. इतक्यांत खालच्या बार्शामाइओर गांवचा एक शेतकरी वादळ तुडवीत, थकून भागून मंदिरांत आला. त्यास पाहून धर्मगुरूंच्या मनांत तिरस्कार उपजला: थोड्याशा भाकरीसाठीं व द्राक्षरसासाठीं एवढी यातायात करणारा हा कोण वेडा! त्याच क्षणीं त्यांच्या हातांतील भाकर मांस झाली आणि पेल्यांतील द्राक्षरस रक्त झाला. तो पेला अजून तेथें आहे. १४८६ सालीं राणी इसाबेल व राजा फर्नांदो या वाटेनें गेलीं, तेव्हां त्यांनीं त्या पवित्र अवशेषांसाठीं स्फटिकाचें पात्र दिलें, असें सांगतात.

ही कथा ऐकतांना सारे पेल्याकडे पाहतात. आम्हांस मात्र त्या दोघांकडे पाहावेंसें वाटतें. एक वादळांतून आलेला, दुसरा छपराखालीं उभा असलेला. तुफानानें शेतकऱ्याचें शरीर कसोटीस लावलें, आणि धर्मगुरूंचें अंतःकरण. पहिला उतरला, दुसरा उतरला नाहीं. आणि तरीहि देवानें ती मिस्सा मोडली नाहीं, त्या धर्मगुरूंच्याच हातांत आपलें दान ठेवलें. त्या दोघांच्या कबरी त्याच मंदिरांत आहेत, असें तेथील लोक मानतात. एकाच छताखालीं दोघांस जागा मिळाली, ही देवाची दयाच म्हणावयाची.

शतकें लोटलीं, यात्रा ओसरली, वाटेवर झाडी माजली. तेव्हां याच सेब्रेइरोचे एक धर्मगुरु, एलियास वालिन्या, यांनीं ती वाट पुन्हा शोधून काढली. १९८४ सालीं ते पिंवळा रंग घेऊन निघाले आणि झाडांवर, भिंतींवर, दगडांवर बाण रंगवीत गेले. धुक्यांत व पावसांत ते बाण आज घंटेचें काम करतात. वालिन्या १९८९ सालीं वारले. २०२४ सालीं निरनिराळ्या वाटांनीं कोंपोस्तेलास पोहोंचून नोंद केलेल्या यात्रेकरूंची संख्या जवळजवळ पांच लाख होती. ज्या मंदिरांत एका धर्मगुरूनें भिजलेल्या मनुष्यास तुच्छ लेखलें, त्याच मंदिराच्या दुसऱ्या धर्मगुरूनें लाखों लोकांस वाट दाखविली.

ज्युबिलीच्या वर्षीं आम्ही मागें वळून पाहतों, तेव्हां आमच्या मंदिरींहि किती पावसाळे आले-गेले, हें आठवतें. पहांटेच्या मिस्सेस कोणी चिखलांतून उशिरां येतो, त्याच्या पावलांनीं धुतलेली फरशी मळते, आणि बांकावर आधींच बसलेल्या आम्हां कोरड्या लोकांच्या कपाळास आठ्या पडतात. सेब्रेइरोची गोष्ट त्या आठ्यांची आहे. पूल बांधणें सर्वांस साधेल असें नाहीं. पण बांकावर थोडें सरकून जागा करून देणें कोणासहि साधेल. आमच्या धर्मग्रामाच्या पुढील वर्षांचा इतिहास जो कोणी लिहील, त्यास एवढें लिहितां यावें कीं, या दारीं भिजून आलेला मनुष्य आंत घेतला गेला. संत याकोब आम्हांकरितां विनंती करोत.